जात न विचारता दिलेले घर



एखाद्याच्या दारात कुत्रे बांधलेले दिसले की आलेला पाहुणा पहिला प्रश्न काय विचारतो, हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. "कुठल्या जातीचा आहे हो?" ते चावते काय, त्याला इंजेक्शने दिली आहेत काय, हे प्रश्न मागाहून येतात. आधी जात. अल्सेशियन किंवा लॅब्रेडॉर असे उत्तर मिळाले की पाहुण्याच्या चेहऱ्यावर आदर उमटतो. "गावठीच आहे, रस्त्यावरून आणला" असे ऐकले की तोच चेहरा उतरतो. पैसे मोजून आणलेल्या कुत्र्याला आपल्या भाषेत ‘जातिवंत’ म्हणतात. ज्या शब्दाने आपल्या पूर्वजांची पिढ्यान् पिढ्या मापे काढली, तोच शब्द आपण मुक्या जनावराला सहज लावतो आणि त्यात काही वावगे आहे असे आपल्या मनातही येत नाही.

रस्त्यावरच्या बेघर कुत्र्याला आपल्या घरी आश्रय का द्यावा, तो कसा द्यावा आणि कोणी देऊ नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय आपल्या स्मरणिकेत कशाला?

हा प्रश्न काही सभासद विचारतील आणि तो रास्त आहे. आपल्या समाजापुढे शिक्षणाचे, नोकऱ्यांचे, घरांचे प्रश्न उभे असताना कुत्र्यांवर पाने कशाला खर्च करावयाची? त्याहून खोल असा एक सल या प्रश्नाच्या मागे आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना, कुत्र्यामांजरांना पाणी पिण्यास मोकळीक होती. मज्जाव होता तो माणसाला. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते माणूसपणाचा हक्क बजावण्यासाठी. ज्यांना कुत्र्यापेक्षाही खालचे मानले गेले त्यांनाच आता कुत्र्यावर दया करा म्हणून सांगणे, हे जखमेवर मीठ चोळणे नव्हे काय?

या शंकेला बगल देऊन पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही. कुत्र्याला सोफ्यावर बसविणारी आणि घरकाम करणाऱ्या बाईला चहासाठी वेगळा कप ठेवणारी घरे आजही आहेत. अशा घरातील प्राणिप्रेमाला आम्ही करुणा म्हणत नाही. माणसाला ओलांडून जनावरापर्यंत पोहोचणारी दया ही हौस असते. मात्र दुसऱ्याची करुणा खोटी निघाली म्हणून आपली करुणा आखडती घ्यावी, असा धम्माचा उपदेश नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचे पालन करण्याची प्रतिज्ञा आहे. ‘सर्व’ या शब्दातून आपल्याला कोणालाच वगळता येत नाही.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी जरूर ध्यानात ठेवावी. आपल्याकडच्या गावठी कुत्र्याला इंग्रजी पुस्तकांत फार दिवस ‘पारिया डॉग’ म्हणत आले. हा ‘पारिया’ शब्द आला कोठून? तमिळनाडूतील परैयर या अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या नावावरून. ‘परै’ म्हणजे ढोल. साहेबांनी त्या समाजाचे नाव उचलले, त्याला ‘बहिष्कृत’ असा अर्थ चिकटवला आणि तेच नाव बेवारस कुत्र्याला देऊन टाकले. एका शब्दाने माणूस आणि जनावर दोघेही गावकुसाबाहेर गेले. अलीकडे प्राणिमित्र मंडळींनी हे नाव टाकून ‘इंडी’ किंवा ‘देशी’ असे नाव रूढ केले आहे, हे बरेच झाले. जन्मावरून कोणालाही हीन ठरविण्याच्या खोडीशी आपले भांडण आहे. ती खोड माणसाच्या बाबतीत वाईट आणि इतरत्र चालेल, असे कसे म्हणता येईल?

कुक्कुर जातकाची साक्ष

जातककथांमध्ये बावीसावी कथा कुक्कुर जातक या नावाची आहे. ‘कुक्कुर’ म्हणजे पालीत कुत्रा. कथेचा गोषवारा असा :

वाराणसीचा राजा रथातून उद्यानात गेला होता. संध्याकाळी परत आल्यावर रथ साजासह अंगणात तसाच राहिला. रात्री पाऊस झाला, चामडे भिजले आणि राजवाड्यात पाळलेल्या जातिवंत कुत्र्यांनी ते कुरतडून खाल्ले. सकाळी सेवकांनी राजाला सांगितले की बाहेरची कुत्री मोरीतून आत शिरली आणि त्यांनी चामडे खाल्ले. राजाला राग आला. दिसेल ते कुत्रे ठार करावे, असा त्याने हुकूम दिला. राजवाड्यातल्या कुत्र्यांना मात्र कोणी हात लावला नाही.

मरणाच्या भीतीने नगरातील कुत्री स्मशानात आपल्या नायकाकडे गेली. तो नायक म्हणजे त्या जन्मीचा बोधिसत्त्व होता. त्याने विचार केला की वाड्यावर पहारा आहे, बाहेरचे कुत्रे आत जाईलच कसे? अपराध आतल्यांचा आहे आणि शिक्षा बाहेरच्यांना होते आहे. मनात मैत्री धरून तो एकटा राजाकडे गेला आणि त्याने सरळ विचारले, "अपराध कोणाचा हे तुम्ही पाहिले आहे काय? सर्वच कुत्र्यांना मारावयाचे तर तुमची कुत्री कशी वाचली?" हा न्याय नसून पक्षपात आहे, हे त्याने राजाला दाखवून दिले. मग त्याच्या सांगण्यावरून राजवाड्यातील कुत्र्यांना ताकात दर्भ कालवून पाजण्यात आला. त्यांना उलट्या झाल्या आणि चामड्याचे तुकडे बाहेर पडले. राजा खजील झाला. त्याने पंचशील ग्रहण केले, सर्व प्राण्यांना अभय दिले आणि नगरातील कुत्र्यांच्या अन्नाची सोय लावली.

ही कथा आम्हांस मुद्दाम सांगावीशी वाटली. बोधिसत्त्व येथे दयेची भीक मागत नाही. तो पुरावा मागतो. कोणाच्या जन्माकडे पाहू नका, कृत्य तपासा, असे तो म्हणतो. मनुष्य जन्माने नव्हे तर कर्माने हीन ठरतो, ही तथागतांची शिकवण आपल्याला वसल सुत्तातून माहीत आहे. कुक्कुर जातकात तीच शिकवण एका कुत्र्याच्या तोंडून आली आहे.

रस्त्यावर कुत्री येतात कोठून?

२०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री होती. त्यांपैकी महाराष्ट्रातील संख्या पावणेतेरा लाखांच्या आसपास होती. ही कुत्री आकाशातून पडत नाहीत. उघडा कचरा, हॉटेलांचे खरकटे आणि मटण-मासळीच्या बाजारातील टाकाऊ भाग यांवर ती जगतात. कुत्रीचा गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो आणि एका वेतात चार ते सहा पिल्ले सहज होतात. शिवाय हौसेने आणलेली आणि पुढे नकोशी झालेली कुत्रीही रस्त्यावर सोडली जातात. म्हणजे रस्त्यावरचे कुत्रे हे बऱ्याच अंशी माणसाच्याच वागण्याचे फळ आहे.

या जन्मांची किंमतही भयंकर आहे. पश्चिम बंगालमध्ये शास्त्रज्ञांनी रस्त्यावरच्या पिल्लांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दर पाच पिल्लांपैकी जेमतेम एक वयात येईपर्यंत जगले होते आणि निम्म्याहून अधिक मृत्यूंना या ना त्या प्रकारे माणूसच कारण होता.

कुत्री मारून हा प्रश्न सुटतो काय? आपल्या देशाने तो उपाय फार वर्षे करून पाहिला. मुंबईत १८३२ साली कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून पारशी समाजाने हरताळ पाळला आणि शहरात दंगल झाली. त्यानंतरही अनेक शहरांत मारण्याची पद्धत दीर्घकाळ चालू राहिली, तरी कुत्री संपली नाहीत. कारण साधे आहे. एका गल्लीतील कुत्री मारली तरी तेथील कचरा शिल्लक राहतो, शेजारच्या गल्लीतील कुत्री त्या जागी येतात आणि त्यांना लस टोचलेली असेलच असे नाही. सामूहिक कत्तलीने रेबीज आटोक्यात येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही म्हटले आहे.

उपयोगी पडणारा मार्ग म्हणजे निर्बीजीकरण आणि लसीकरण. त्यासाठी आपल्याकडे २००१ मध्ये नियम झाले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. परिसरातील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली गेली की रेबीजची साखळी तुटू लागते, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. शेजारच्या गोव्यात हे करून दाखविण्यात आले. तेथे २०१४ पासून घरोघर आणि गल्लोगल्ली फिरून वर्षाला लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस टोचण्यात आली, शाळांतून मुलांना शिकविण्यात आले, आणि २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून घोषित झाला.

आपल्या धम्माला मानणाऱ्या भूतानचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. कुत्र्यांचा सुळसुळाट तेथेही झाला होता. मारणे धम्माच्या विरुद्ध आणि कोंडून ठेवणे निभेना, अशी अडचण होती. तेव्हा २००९ मध्ये देशव्यापी निर्बीजीकरण सुरू झाले. चौदा वर्षांत सुमारे दीड लाख कुत्र्यांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि रस्त्यावरील सर्व कुत्र्यांचे निर्बीजीकरण पूर्ण झाल्याचे त्या देशाने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केले. करुणेला चिकाटीची जोड मिळाली तर काय होते, हे त्या छोट्या राष्ट्राने दाखवून दिले.

घर देण्याचे मोल

निर्बीजीकरण आणि लस ही मुख्यतः पालिकेची व शासनाची कामे होत. मग आपण, एक कुटुंब म्हणून, काय करू शकतो? एका जिवाला रस्त्यावरून घरात आणू शकतो.

थायलंडचे राजे भूमिबोल यांनी १९९८ मध्ये एका भटक्या कुत्रीचे पिल्लू आपल्याजवळ ठेवून घेतले. तिचे नाव थोंगडेंग. राजाने तिच्यावर लिहिलेले पुस्तक २००२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्या प्रती हातोहात खपल्या. परदेशी महागडी कुत्री विकत घेण्यापेक्षा आपल्याच रस्त्यावरच्या कुत्र्यांना घर द्यावे, हा विचार त्यामुळे तेथील सामान्य माणसापर्यंत गेला. कुक्कुर जातकातील राजाने बाहेरच्या कुत्र्यांना अभय दिले. या बौद्ध राजाने तर बाहेरच्या कुत्रीला वाड्यात जागा दिली.

देशी कुत्रे पाळण्यात व्यवहाराचे फायदेही आहेत. त्याचे आखूड केस आपल्या उन्हाळ्याला मानवतात. बर्फाळ प्रदेशातील दाट केसांची कुत्री नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात धापा टाकतात, तशी गत याची होत नाही. काही विलायती जातींची नाके माणसाने हौसेपायी इतकी चपटी करून ठेवली आहेत की त्या बिचाऱ्यांना श्वास घेणेही जड जाते. देशी कुत्रे काटक, सावध आणि शहाणे असते. घरात नीट सांभाळले तर बारा-पंधरा वर्षे साथ देते. उलट विक्रीसाठी पैदास करणाऱ्या अनेक ठिकाणी एकाच कुत्रीला पिंजऱ्यात ठेवून वेतामागून वेत घेतली जातात. आपण पिल्लू विकत घेतो तेव्हा त्या पिंजऱ्यातल्या आईचा विचार करीत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटक्या कुत्र्यांविषयी निर्देश देताना दत्तक घेण्याचाही उल्लेख केला. इच्छुकांनी महापालिकेकडे अर्ज करावा, त्या कुत्र्याला खूण लावून ते त्यांच्या स्वाधीन करावे आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्यावर राहील, असे त्यात म्हटले आहे. ‘जबाबदारी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे.

आमची एक चूक

या जबाबदारीविषयी आम्ही अनुभवाने बोलत आहोत. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात आमच्या वस्तीतील विहाराच्या जिन्याखाली एक कुत्री व्यायली. चार पिल्ले होती. रविवारच्या वंदनेनंतर मुलांनी त्यांच्याभोवती कोंडाळे केले आणि आम्हालाही उत्साह आला. महिनाभरात चारही पिल्ले आम्ही मागतील त्यांना देऊन टाकली. कोणालाही काही विचारले नाही. करुणेचे काम झाले, असे समजून आम्ही समाधान पावलो.

त्यांपैकी तीन घरांत पिल्ले रुळली. चौथे पिल्लू एका लहान मुलाच्या हट्टापायी नेले गेले होते. आई-वडील दोघे दिवसभर कामावर, मूल शाळेत, घर एका खोलीचे. पिल्लू एकटे पडले की केकाटत असे. शेजाऱ्यांनी तक्रार केली. दहाव्या दिवशी कोणाला न सांगता ते पुन्हा जिन्याखाली आणून सोडण्यात आले. तोवर त्याची आई तेथून निघून गेली होती. दोन दिवसांनी ते रस्त्यावर एका गाडीखाली सापडले. तो मुलगा त्यानंतर बरेच रविवार विहारात आला नाही.

दोष त्या कुटुंबाचा नव्हता. आमचा होता. आम्ही करुणा दाखविली, पण प्रज्ञा वापरली नाही. अहिंसेचे तत्त्व डोळे मिटून पाळावयाचा नियम नव्हे, विवेकाने आचरावयाचे तत्त्व आहे, असे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात समजावून सांगितले आहे. दत्तक देण्याघेण्याच्या कामातही तोच विवेक हवा.

घेण्यापूर्वी स्वतःला विचारावयाचे प्रश्न

त्या प्रसंगानंतर आम्ही पिल्लू मागणाऱ्याला पुढील प्रश्न विचारू लागलो. आपणही ते स्वतःला विचारावेत.

१. घरातील सर्वांची संमती आहे काय? विशेषतः जिच्यावर काम पडणार त्या आईची वा पत्नीची?

२. रोज दोन वेळा फिरवून आणावयास कोणाला सवड आहे? पाऊस असो वा परीक्षा, यात सुट्टी नाही.

३. घर भाड्याचे असेल तर मालकाशी बोलणे झाले आहे काय?

४. खाणे, लस आणि आजारपण यांचा खर्च बारा-पंधरा वर्षे झेपेल काय?

५. गावी गेल्यावर किंवा बदली झाल्यावर कुत्र्याचे काय?

६. योग्य वेळी निर्बीजीकरण करून घेण्याची तयारी आहे काय?

यांपैकी एकाही प्रश्नाला मन कचरत असेल तर थांबावे. नाही म्हणण्यात कमीपणा नाही. घेऊन पुन्हा सोडून देणे हे मुळात न घेण्याहून वाईट. एकदा माणसावर विसंबलेले कुत्रे रस्त्यावर तग धरू शकत नाही.

घरी आणल्यानंतर

पिल्लू किमान आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. दूध तुटले तरी भावंडांत खेळताना किती जोराने चावावे याचे शिक्षण त्याला या काळातच मिळते. मोठे कुत्रे घेण्यासही कचरू नये. त्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो.

नव्या घरात रुळण्याचा एक ठोकताळा प्राणिमित्र सांगतात. पहिले तीन दिवस ते बावरलेले असते, तीन आठवड्यांत घराची पद्धत त्याच्या लक्षात येते आणि तीन महिन्यांत ते घरचे होते. पहिल्या दिवसांत एका कोपऱ्यात त्याला अंथरूण, पाणी आणि शांतता द्यावी. पाहुण्यांची रीघ लावू नये. ते पलंगाखाली लपले तर ओढून काढू नये. ते आपणहून येईल.

पहिल्याच आठवड्यात जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून डिस्टेंपर, पार्व्हो आदी रोगांची लस काही आठवड्यांच्या अंतराने द्यावी लागते. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. जंताचे औषध आणि गोचिडांचा बंदोबस्तही तितकाच आवश्यक. महानगरपालिकेच्या हद्दीत कुत्र्याचा परवाना काढावा व गळ्यातील पट्ट्यावर आपला फोन नंबर लिहावा.

खाण्यात नुसती दूध-पोळी पुरत नाही. पुष्कळ कुत्र्यांना दुधाने हगवण लागते. भात किंवा भाकरीबरोबर उकडलेले अंडे, कोंबडी वा मासे (काटे काढून) द्यावेत. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट त्याला बाधतात. शिजवलेली हाडे फुटून घशात किंवा आतड्यात रुततात, म्हणून ती देऊ नयेत. मारून शिकविलेले कुत्रे भित्रे होते आणि भित्रे कुत्रेच अधिक चावते. चुकले तर दुर्लक्ष आणि बरोबर केले तर शाबासकी, हीच त्याची शाळा. फिरवताना साखळी हातात असावी आणि त्याची घाण आपणच उचलावी. आपल्या वस्तीत सफाई करणारे हात कोणाचे असतात, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको.

विद्यार्थ्यांसाठी थोडे

कुत्र्यावर दया करावी म्हणजे त्याच्या भीतीची थट्टा करावी असे नव्हे. कुत्रे चावते, हे सत्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने दगावतात आणि त्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भारतात. संशयित प्राण्याने चावलेल्यांत सुमारे ४० टक्के मुले पंधरा वर्षांखालची असतात. हे मरण बहुतांशी गरिबांच्या वाट्याला येते. बंगल्याच्या फाटकाआड राहणाऱ्याला त्याची झळ कमी लागते.

म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने हे पाठ करावे. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याच्या वाटेला जाऊ नये. कुत्रे अंगावर आले तर पळू नये. हात अंगाशी धरून, नजर खाली करून झाडासारखे स्तब्ध उभे राहावे. चावलेच, किंवा नुसते ओरखडले तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा आणि सांगितलेल्या तारखांची सर्व इंजेक्शने पूर्ण घ्यावीत. जखम खोल असेल तर जखमेत द्यावयाचे सीरमही मागून घ्यावे. घरचे रागावतील म्हणून चावल्याचे लपवू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य. मांत्रिकाकडे जाण्यात गेलेला दिवस परत मिळत नाही.

संस्था म्हणून आपण काय करावे?

प्रत्येकाला कुत्रे पाळणे जमणार नाही आणि तशी अपेक्षाही नाही. पण आपले मंडळ काही गोष्टी सहज करू शकेल. विहाराच्या परिसरात आठवड्यातून एकदा कचऱ्याकडे लक्ष द्यावे, कारण उघडा कचरा हेच प्रश्नाचे मूळ आहे. वस्तीतील कुत्र्यांची साधी नोंदवही ठेवावी. निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाला कापून खूण केलेली असते, ती पाहून उरलेल्यांची यादी पालिकेला लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. खाऊ घालणाऱ्यांनी शाळेच्या वाटेवर किंवा जिन्यात न घालता ठरलेल्या एका जागी, ठरलेल्या वेळी घालावे. पिल्लांना घर शोधून देताना वर सांगितलेले प्रश्न विचारावेत आणि दिल्यानंतर महिनाभर त्या घरी जाऊन चौकशी करावी. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन्ही प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे नमूद केले आहे. आपल्या आरोग्य शिबिराच्या दिवशी एखाद्या पशुवैद्याला बोलावून वस्तीतील कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घेतली तर तो वारसा चालविल्यासारखे होईल. त्यात कुत्र्यांचेही भले आहे आणि आपल्या मुलांचेही.

असो. लेखाच्या आरंभी ज्या पाहुण्याचा उल्लेख केला, तो कधी आपल्या दारी येईल आणि आपल्या कुत्र्याची जात विचारील. तेव्हा त्याला आदराने सांगावे की या घरात जात विचारण्याची पद्धत नाही. कुत्रे मात्र दाखवावे. त्याचा लसीचा कागद दाखवावा. आणि जमले तर त्याला विचारावे की आमच्या विहाराच्या जिन्याखाली अजून दोन पिल्ले आहेत, आपल्या घरी जागा आहे काय? त्याने हो म्हटले तरी लगेच हाती देऊ नये. आधी वरचे सहा प्रश्न विचारावेत.

सर्व प्राणिमात्र सुखी होवोत. जय भीम!